आईचं गुपित

सकाळपासून मोबाईलवर श्रवणयंत्राच्या जाहिराती. चारदा आल्या. माझे कान ठणठणीत आहेत.

संध्याकाळी आईला म्हटलं, "बघ गं, मला म्हातारा ठरवलंय यांनी." ती हसली नाही. टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

परवा रात्री तिने गुपचूप शोधलं होतं. घरात वायफाय एकच, म्हणजे बाहेर दिसणारा आयपी पत्ता, इंटरनेटवरचा घराचा नंबर, तोही एकच. जाहिरातवाल्यांच्या लेखी बहुतेक आम्ही दोघं मिळून एकच गिऱ्हाईक.

हिस्टरी मात्र तिने आठवणीने पुसली होती. मीच शिकवलं होतं.

टीव्ही एवढा मोठ्याने का लावतेस, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.