पर्गातोरिओचं कागदी घड्याळ: प्रगतीची नोंद

इटालियन कवी दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चा पहिला भाग, 'इन्फर्नो', वाचून झाला की पुष्कळ वाचक थांबतात. जे पुढच्या भागात, 'पर्गातोरिओ'त, शिरतात, ते दुसऱ्याच सर्गाच्या सुरुवातीला अडखळतात. सूर्य जेरुसलेमच्या क्षितिजावर, रात्र गंगेतून तूळ घेऊन वर येते आहे, आणि समोर डोंगरावर पहाट. अशा ओळी अलंकार समजून ओलांडल्या तर डोंगरावरच्या प्रवासाचा कणाच हातातून सुटतो. सातव्या सर्गात नियम सांगितला आहे की सूर्य मावळल्यावर वर एक पाऊलही टाकता येत नाही. त्यामुळे किती वाजले, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सध्याची स्थिती अशी: दोन चकत्यांचं घड्याळ तयार आहे, आणि 'पर्गातोरिओ'तल्या वेळेच्या मुख्य जागा त्यावर तपासून झाल्या आहेत.

आधी नकाशा. दांतेच्या पृथ्वीवर जेरुसलेम वस्तीच्या मध्यभागी आहे. त्याच्या पूर्वेला ९० अंशांवर गंगा, पश्चिमेला ९० अंशांवर स्पेन आणि मोरोक्को, आणि बरोबर पाठीमागे, दक्षिण गोलार्धातल्या समुद्रात, शुद्धीचा डोंगर, जिथे 'पर्गातोरिओ'चा प्रवास घडतो. इटली जेरुसलेम आणि स्पेन यांच्या मधोमध, म्हणजे ४५ अंश पश्चिमेला धरायची. आजचा नकाशा इथे वापरू नये. खऱ्या रेखांशांनी गंगेचं मुख जेरुसलेमपासून सुमारे ५५ अंशांवर येतं, म्हणजे सहा तासांऐवजी पावणेचार तासांच्या आत, आणि नेपल्स जेमतेम २१ अंशांवर. हे आकडे घातले की पंधराव्या सर्गातला हिशेब दीड तासाने चुकतो आणि कवीचंच गणित कच्चं असल्याचा ग्रह होतो. प्रत्यक्षात गणित पक्कं आहे, नकाशा मध्ययुगीन आहे.

साहित्य: जाड पुठ्ठा, कंपास, कोनमापक, आणि मधोमध बसवायला दोन पायांची पितळी पिन. खालची चकती १८ सेंटिमीटर व्यासाची. तिच्या कडेला दर १५ अंशांवर एक रेघ, अशा २४ रेघा, आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १ ते २४ तास. वरची चकती १३ सेंटिमीटरची. तिच्यावर त्याच दिशेने ० अंशांवर जेरुसलेम, ९० वर गंगा, १८० वर डोंगर, २७० वर स्पेन, ३१५ वर इटली. दोन्ही चकत्यांची दिशा एकच हवी. एक उलटी झाली तर गंगा आणि स्पेनच्या वेळांची अदलाबदल होते आणि दुसऱ्या सर्गात गंगेवर मध्यरात्रीऐवजी भर दुपार दिसते. भोक पिनेपेक्षा मोठं पडलं तर वरची चकती सरकते आणि अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. भोकाच्या पाठीमागे पुठ्ठ्याचा छोटा तुकडा चिकटवला की पिन घट्ट बसते.

तिसरी गोष्ट राशींची, आणि इथे मराठी वाचकाला फायदा आहे, कारण मेष, तूळ, मकर ही नावं घरातली आहेत. प्रवास १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यातला. त्या वर्षी ईस्टर १० एप्रिलला होता. सूर्य मेष राशीत. म्हणून तासांच्या चकतीवर १२ च्या खाली मेष लिहायची, आणि पुढे दर दोन तासांना एक रास: १४ ला वृषभ, १६ ला मिथुन, २४ ला तूळ, २ ला वृश्चिक, ६ ला मकर, १० ला मीन. त्या तासाला कोणती रास आकाशाच्या मध्यावर आहे, एवढंच हे वर्तुळ सांगतं. राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या धराव्या, पंचांगातल्या निरयन नव्हेत. दोन्हींतला फरक आज सुमारे २४ अंशांचा आहे, दांतेच्या काळी तो १४ अंशांच्या आसपास होता. मेष आणि तुळेच्या जागी त्याने काही बिघडत नाही, पण ग्रहांच्या जागा तपासायला गेलं की बिघडतं.

आता तपासणी. डोंगर ६ वर आणा: जेरुसलेम १८, गंगा २४, स्पेन १२. दुसऱ्या सर्गाची पहिली ओळ हीच. त्याच सर्गात थोडं पुढे सूर्य मकरेला आकाशाच्या मध्यावरून हुसकावतो, आणि ६ च्या खाली मकरच आहे. सूर्योदय नुकताच झाला असताना तिसऱ्या सर्गात दांतेचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, म्हणतो की माझा देह पुरला आहे तिथे, नेपल्सला, सांजप्रार्थनेची वेळ झाली. चकतीवर इटली १५ वर येते, आणि ही प्रार्थनेची वेळ सूर्यास्ताच्या तीन तास आधी सुरू होते. चौथ्या सर्गात सूर्य ५० अंश चढलेला: ५० ला १५ ने भागलं की ३ तास २० मिनिटं, म्हणजे डोंगरावर ९ वाजून २० मिनिटं. त्याच सर्गाच्या शेवटी डोंगरावर दुपारचे बारा, तेव्हा पश्चिम टोक १८ वर आणि रात्र मोरोक्कोवर पाऊल ठेवते आहे.

पंधराव्या सर्गात डोंगरावर १५ आणि इटलीत मध्यरात्र; चकती तंतोतंत जुळते. पंचविसाव्यात मध्यावर वृषभ आणि पलीकडे रात्रीच्या मध्यावर वृश्चिक, म्हणजे दुपारचे दोन. सत्ताविसाव्यात जेरुसलेमला सूर्योदय, स्पेनमधल्या एब्रो नदीवर तूळ, गंगेचं पाणी दुपारच्या उन्हाने तापलेलं. डोंगरावर सूर्यास्त, आणि चढ थांबणार. दुसऱ्या सर्गातलं चित्र इथे नेमकं उलटं फिरतं. ही दोन चित्रं चकतीवर एकापाठोपाठ फिरवून बघावीत. अख्ख्या भागाची रचना त्यातून दिसते आणि अंगावर काटा येतो.

चौथ्या सर्गात आणखी एक जागा रेंगाळण्यासारखी आहे. पूर्वेकडे तोंड करून बसल्यावर सूर्य डावीकडून येतो म्हणून दांते चकित होतो, आणि व्हर्जिल त्याला दक्षिण गोलार्ध समजावतो. सिडनी-मेलबर्नच्या मराठी वाचकांना हे रोजचंच आहे. इटलीत आयुष्य गेलेल्या माणसाने ते निव्वळ भूमितीतून मांडलं.

जिथे घड्याळ निकाल देत नाही अशा जागाही आहेत. नवव्या सर्गाच्या आरंभी पहाटेचं वर्णन आहे, पण ती कुठली पहाट? डोंगरावर रात्रीचे सुमारे नऊ, आणि चकतीवर इटली ६ वर, म्हणजे इटलीतली पहाट जुळते. पण पौर्णिमा होऊन तीन रात्री उलटल्या आहेत, चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे त्याच सुमाराला डोंगरावर चंद्रोदयाची उजळणही जुळते. भाष्यकारांचा वाद जुना आहे. वृश्चिकाचे तारे कपाळावर असल्याच्या उल्लेखामुळे आमचा कल चंद्राकडे. पहिल्या सर्गातला शुक्र तर वेगळंच प्रकरण आहे. तो पहाटे मीन राशीत दाखवला आहे, पण १३०० च्या वसंतात शुक्र संध्याकाळचा तारा होता. पहाटेचा शुक्र १३०१ मधला. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणकप्रणालीत पडताळायचं असेल तर जागा ३१.८ अंश दक्षिण, १४४.८ अंश पश्चिम अशी घाला. तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्याच धराव्यात, आजच्या गणनेत बदलून घातल्या की आठवडाभर घसरतात.

प्रत कोणती घ्यावी? या कामाला ओळींचे क्रमांक मूळ इटालियनशी जुळणं सगळ्यांत महत्त्वाचं. लाँगफेलोचा १८६७ चा इंग्रजी अनुवाद ओळीस ओळ आहे आणि मोफत मिळतो. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्याच्या घरी मित्रांची मंडळी जमून सर्गामागून सर्ग तपासत असे. अमेरिकेतल्या दांते-अभ्यासाची परंपरा तिथून मूळ धरते. केरीचा १८१४ चा अनुवाद वाचायला भारदस्त आहे, पण त्याच्या ओळी मुळाशी जुळत नाहीत, संदर्भ शोधताना वेळ जातो. बॉस्टनच्या इटालियन स्थलांतरित घरातला जॉन चार्डी यमक राखतो आणि त्याच्या टिपा खगोलाच्या जागी स्पष्ट आहेत, म्हणून दुसरी प्रत म्हणून तो ठेवावा. सिंगल्टनच्या खंडांत एका पानावर इटालियन, समोर गद्य इंग्रजी, आणि भाष्याचे खंड वेगळे. ग्रंथालयात मिळाले तर भाष्याचा खंड आधी मागा.

पुढचं काम तिसऱ्या भागाचं, 'पारादीसो'चं. तिथे डोंगर मागे राहतो आणि वरची चकती निम्मी निरुपयोगी होते, पण तिसाव्या सर्गासाठी कडेला मैलांची मोजपट्टी जोडायची आहे. दांते पृथ्वीचा घेर २०,४०० मैल धरतो, म्हणजे तासाला ८५० मैल. सर्गाच्या आरंभी दुपार ६,००० मैलांवर आहे. भागाकार सात तासांच्या किंचित वर जातो, सूर्योदय दुपारच्या सहा तास आधी, म्हणजे आपण उभे आहोत तिथे सूर्योदयाला साधारण तासभर बाकी. पट्टी कापताना १८ सेंटिमीटरच्या चकतीचा परीघ ५६.५ सेंटिमीटर येतो, म्हणून एका तासाला २.३५ सेंटिमीटर धरावेत.