आजीची चिठ्ठी चालत नाही

लेकीची दहावीची परीक्षा संपली आणि तिने जाहीर केलं, "तारकर्लीला येईन, पण माझ्या दोन मैत्रिणी बरोबर हव्यात. तुमच्याबरोबर मी एकटी काय करू?" पहिल्यांदा राग आला. मग आठवलं, पंधराव्या वर्षी मीही आईबाबांबरोबर महाबळेश्वरला तोंड फुगवून चार दिवस काढले होते. म्हटलं, घ्या मैत्रिणी.

प्रवास सुरळीत झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते हॉटेलच्या काउंटरबद्दल. तिथे आमचे पावणेतीन तास गेले, अजूनही आठवलं की डोकं तापतं.

रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेसने निघालो, सकाळी कुडाळला उतरलो, रिक्षाने साडेअकराला हॉटेलात पोचलो. दोन खोल्या, पाच माणसं, पैसे आगाऊ भरलेले. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्डं मागितली. आमची तिघांची दिली. मैत्रिणींपैकी वेणीवालीनेही काढून दिलं. चष्मेवालीकडे मोबाइलमध्ये आधारचा फोटो आणि गळ्यात शाळेचं ओळखपत्र. त्याने तिन्ही मुलींकडे पाहिलं, आडनावं वाचली आणि विचारलं, "या दोघी तुमच्या कोण?"

"मुलीच्या मैत्रिणी."

"आईवडिलांचं पत्र?"

पत्र नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीत टीसीने पाच जणांत एकाचं ओळखपत्र पाहिलं आणि पुढे गेला, त्यामुळे मी निर्धास्त होते. मुलगा मान हलवून म्हणाला, "मॅडम, वरसून सांगितलेला आसा, मी काय करू?" अठरा वर्षांखालच्या मुली, पालक बरोबर नाहीत, तर पत्र पाहिजे, तेही छापील. बुकिंग करताना मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की दोन मैत्रिणी येणार आहेत. तेव्हा "या, या" म्हणाले होते. पत्राचं तेव्हाच सांगायला तोंड दुखत होतं का?

वेणीवालीच्या वडिलांनी दहा मिनिटांत पत्र लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. अडलं ते चष्मेवालीचं. तिचे बाबा जहाजावर, आई नर्स, रात्रपाळी करून सकाळीच घरी आलेली. फोन सायलेंटवर. शेवटी घरच्या दुसऱ्या नंबरवर आजी सापडल्या. "अगं, आत्ताच डोळा लागलाय तिचा, मी नाही उठवणार," म्हणाल्या. "पत्रच हवं ना? मी देते लिहून."

वीस मिनिटांनी वहीच्या पानाचा फोटो आला. वरती श्री, खाली सही. मी तो मोठ्या आशेने काउंटरवर धरला. मुलाने पूर्ण वाचला आणि म्हणाला, "आजी पालकात येत नाहीत."

नवरा शांतपणे म्हणाला, "त्याचंही बरोबर आहे गं." त्या क्षणी मला काउंटरवरच्या मुलापेक्षा नवऱ्याचा जास्त राग आला. मुली मात्र मजेत. लॉबीतल्या सोफ्यावर पत्ते मांडून बसलेल्या, तिसरी कोकमची बाटली संपवत. चष्मेवाली तेवढी मधूनच माझ्याकडे बघत होती, जणू तिच्यामुळेच सगळ्यांची सुट्टी बुडाली. तिला जवळ घेऊन सांगितलं की चूक माझी आहे. खरंच माझीच होती, अर्धी तरी.

पावणेदोनला तिची आई उठली. सतरा मिस्ड कॉल बघून बिचारी घाबरलीच. तिचं पत्र आलं, पण प्रिंटरची काळी शाई संपलेली. शेवटी गुलाबी रंगात छापलं. सव्वादोनला खोल्या मिळाल्या.

तर, कोणी नेणार असाल तर पत्र घरूनच न्या. साधा कागद पुरतो. मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणाबरोबर कुठे कधी ते कधी, आईवडिलांचे नंबर आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यायला परवानगी. दोन प्रती. दुसऱ्या दिवशी स्कूबावाल्यांनीही पालकांची सही मागितली, तेव्हा गुलाबी कागदच पुढे केला. आधारचा मूळ कागद बरोबर द्यायला सांगा. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधारची द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तिकिटाचं एक राहिलं. मैत्रिणी पक्क्या झाल्याशिवाय काढू नका. आमची आधी ठरलेली एक गळाली आणि वेणीवाली आली. कन्फर्म तिकिटावरचं नाव फक्त घरच्या माणसाच्या नावे बदलता येतं, मैत्रिणीच्या नाही. ते रद्द करून नवीन काढावं लागलं. आणि तुतारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांची, म्हणजे तिकिटावर पुढची तारीख असते. स्टेशनवर आदल्या रात्री जायचं.

पैशांचं आधीच बोला. आम्ही राहणं-जेवण आमच्याकडे घेतलं, तिकीट आणि स्कूबा त्यांच्याकडे. वेणीवालीच्या आईने तरी पाकीट खिशात कोंबलंच, ते मी येताना काजू घेऊन परत केलं.

पहिल्या रात्री जेवायला बसलो. सुरमई आली, सोलकढी आली, कोळंबीचं सुकं आलं. चष्मेवालीने कोळंबी वाढून घेतली आणि मला एकदम आजींच्या पानाची आठवण झाली. काउंटरवर मी ते वाचलंच नव्हतं, नुसतं धरलं होतं. मोबाइल काढला. परवानगीची एक ओळ, मग खाली: "कोळंबीने अंगावर पित्त उठते, तरी खाते. घाटात गाडी लागते. पोहता येते असे सांगेल, येत नाही. रात्री भिंतीकडे झोपवा, खाली पडते."

मी तिच्या ताटातली कोळंबी उचलून नवऱ्याच्या ताटात टाकली. "आजीने सांगितलं ना?" ती लाजून म्हणाली. पुढचे तीन दिवस, स्कूबा सोडलं तर, समुद्रात तिला गुडघ्याच्या वर जाऊ दिलं नाही, आणि पलंग भिंतीला सरकवून घेतला, त्याच काउंटरवाल्या मुलाकडून.