‘मॅडम, मी घरीच असते’

आमच्या कॉलेजात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कम्युनिटी कॉलेज योजनेतला अन्नप्रक्रियेचा एक वर्षाचा डिप्लोमा चालतो. योजना २०१३-१४ची. हाताला कौशल्य आणि जवळपास रोजगार मिळावा हा तिचा हेतू. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली, तेव्हा पाच वर्षांत शिकून गेलेल्यांचं पुढे काय झालं हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. नॅकचं समाधान सर्वेक्षण सध्या शिकणाऱ्यांचं असतं. शिकून गेलेल्यांची माहिती आपणच गोळा करायची, आणि नोकरी दाखवायची तर नेमणूकपत्र जोडायचं.

आधी गूगल फॉर्म पाठवला. बरी नोकरी लागलेल्यांनी तो दोन दिवसांत भरला. बाकीचे गप्प. एवढ्यावर अहवाल लिहिणं मला पटेना, कारण जे गप्प होते त्यांचंच मला कळायला हवं होतं.

मग प्रवेशाचं रजिस्टर घेऊन फोन करायला बसले. मुलींच्या नावापुढे बहुतेक वडिलांचाच नंबर. “तिचं लग्न झालं. सासरचा नंबर कशाला पाहिजे?” वडिलांचं विचारणं रास्तच होतं. मी माझा नंबर द्यायचे, तिला वाटलं तर तिने फोन करावा म्हणून. चाकण-रांजणगावला कारखान्यात लागलेली मुलं रविवारीही फोन उचलत नव्हती. शेवटी एकाने सांगितलं, “मॅडम, आमची सुट्टी गुरुवारी असते.” तेव्हापासून गुरुवार धरला.

खरी चूक माझ्या प्रश्नात होती. “नोकरी करतेस का?” असं विचारलं की मुली म्हणायच्या, “नाही मॅडम, मी घरीच असते.” मी ‘काम नाही’ असं लिहून पुढे जात होते. एकीशी बोलताना ती मध्येच म्हणाली, “एक मिनिट हं, पापडाची ऑर्डर न्यायला आलेत.” पापड, कुरडया, काळा मसाला असं सगळं ती गावातल्या दोन दुकानांना देत होती, आणि माझ्या वहीत तिच्यापुढे ‘काम नाही’ होतं. मला फार वाईट वाटलं. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात मागच्या सात दिवसांत तासभर तरी काम केलं का, हे पाहतात. मीही तसंच विचारायला लागले: “गेल्या आठवड्यात पैसे मिळतील असं काही काम केलंस का, तासभर का होईना?” आणि ज्यांच्यापुढे ‘काम नाही’ लिहिलं होतं, त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. कुणी शिवणकाम करत होती, कुणी दूध संकलन केंद्रावर बसत होती.

कोर्स कसा वाटला, हे मी विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, “छान होता.” शिकवणाऱ्या बाईंना तोंडावर दुसरं काय सांगणार? म्हणून तो भाग ग्रंथालयातल्या ताईंकडे दिला आणि प्रश्नही बदलला: काय शिकवायचं राहिलं? तेव्हा मुलं मोकळी बोलली. मालाची किंमत कशी काढायची, लेबलवर काय काय छापायचं, खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी कशी करायची. एक मुलगा म्हणाला, “जॅम करायला शिकवलंत, पण दुकानदार पैसे कधी देतो ते नाही सांगितलं.” हे वाक्य मी विभागाच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं.

पापडवालीकडे नेमणूकपत्र कुठून असणार? तिची माहिती मी वेगळ्या पानावर लिहून अहवालाला जोडली. या वर्षी लेबल आणि हिशोबाच्या तासाला तिलाच बोलावलंय. काही नावांपुढे अजून पेन्सिलीची खूण आहे. त्यांना येत्या गुरुवारी पुन्हा फोन करणार आहे.