दुपारी थंड, रात्री गरम

"गाडी रातच्यालाच तापतीय मिस्त्री. दुपारी कायबी होत नाही."

मंगळवेढ्याच्या तात्यांनी ही तक्रार सांगितली तेव्हा मे महिना चालू होता. सोलापुरात पारा 43 च्या पुढे गेलेला, दुकानासमोरच्या डांबराला चप्पल चिकटत होती. अशा उन्हात मंगळवेढ्याहून इथवर आलेल्या त्यांच्या डिझेल जीपचा टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्याही खाली होता. तीच गाडी रात्रीच्या गार वाऱ्यात लाल पट्ट्यात जाते म्हणे! इंजिन असं वागत नाही. बाहेरची हवा थंड झाली की रेडिएटरचं काम हलकं होतं. त्यामुळे बोनेट उघडायच्या आधीच माझा संशय इंजिनावरून उडाला होता.

गाडी 1990 च्या दशकातली, घरातल्या माणसासारखी जपलेली. मागच्या वर्षी तात्यांनी तिचं पूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. दुखणं सुरू झाल्यावर त्यांनी काय काय केलं त्याची यादी ऐकून मला वाईट वाटलं. रेडिएटर उकलून साफ केला, वॉटर पंप बदलला, फॅनबेल्ट नवा, टेंपरेचरचा सेन्सर नवा. शेवटी कुणीतरी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकला. हा आपल्याकडचा जुना रोग आहे. थर्मोस्टॅट काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला हवी ती गरमी कधी मिळतच नाही. डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. इतकं करूनही रात्रीचा काटा लाल पट्ट्यात जातच होता.

तात्यांबरोबर त्यांचा मुलगा आला होता. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. तुळजापूरहून परतताना रात्री काटा वर गेला म्हणून त्यानं गाडी थांबवून रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. इंजिन प्रमाणात तापलेलं असलं तरी झाकणाखालचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की ते उसळून अंगावर येतं. मला त्याहून जास्त काळजी वाटली ती त्याच्या पुढच्या वाक्यानं. "आता आम्ही काट्याकडं बघतच नाही ओ. जायचं तिकडं जाऊ दे." म्हणजे उद्या होजपाइप फुटून इंजिन खरोखर तापलं तरी हे लोक गाडी तशीच पळवणार, आणि इंजिनाचं हेड (वरचं झाकण) वाकल्यावरच थांबणार.

मी त्याला विचारलं, "रात्री गाडीत अजून काय वेगळं होतं? तुला बारीक वाटलं तरी सांग."

तो थोडा विचारात पडला. मीटरमधला उजेड कधी मंद होतो, खड्ड्यात आदळली की परत येतो. आणि एक गंमत म्हणून सांगितलं: दिवे लावलेले असताना इंडिकेटरचा हिरवा दिवा आपोआप मिणमिणतो, इंडिकेटर चालू नसताना. ही गोष्ट त्यानं कुठल्याच गॅरेजमध्ये सांगितली नव्हती, कारण तिचा तापण्याशी काही संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं. माझ्यासाठी मात्र निम्मं निदान तिथेच झालं.

दुपारी मी मीटर, बॅटरी, चार्जिंग सगळं तपासलं. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट, चालू केल्यावर 14 च्या आसपास. मीटरच्या अर्थिंगला, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायच्या वाटेला, मल्टिमीटर लावला तर वाट जोडलेली असल्याचा छान बीप वाजला. आधीच्या वायरमननंही हेच केलं असणार आणि अर्थिंग ठीक म्हणून पुढे गेला असणार. बीपवर भरवसा ठेवून चालत नाही. मल्टिमीटर तपासणीसाठी अगदी नाममात्र करंट सोडतो, तेवढा तर तारेच्या एका उरलेल्या काडीतूनही जातो. खरी परीक्षा लोड टाकल्यावर. म्हणून तात्यांना म्हटलं, "आज दिवस मावळेपर्यंत थांबा. गाडी जेव्हा आजारी पडते तेव्हाच तिला बघायचं."

उन्हाळ्यात आमच्याकडे लांबचा प्रवास लोक ऊन उतरल्यावरच करतात. हे कोडं त्यामुळेच इतके महिने टिकलं. रात्र, लांबचा रस्ता आणि लावलेले दिवे, तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र येत होत्या, आणि सगळ्यांनी दोष लांबच्या रस्त्याला दिला.

संध्याकाळी मंगळवेढा रोडला लागलो. मुलगा चालवत होता, मी शेजारी, तात्या मागे. निघताना मी दोन काटे मनात नोंदवले: टेंपरेचर अर्ध्याखाली, डिझेल पाव टाकी. तिऱ्ह्याच्या अलीकडे अंधार पडला, दिवे लावले. थोडा वेळ काही नाही. मग एका खराब पट्ट्यात गाडी दणकली, मीटरचा उजेड उतरला, हिरवा दिवा मिणमिणायला लागला आणि टेंपरेचरचा काटा चढू लागला. एकदम उडी नाही, सावकाश, अगदी पाणी खरोखर तापत असल्यासारखा.

"बघा, चाललाच वर!" तात्या मागून म्हणाले.

"तात्या, तो काटा सोडा. डिझेलचा बघा."

डिझेलचा काटाही त्याच चालीनं वर सरकत होता. पाव टाकी अर्ध्याच्या पुढे गेली होती. चालत्या गाडीत, वाटेत पंप न लागता, टाकीत डिझेल वाढत होतं! इतके दिवस हा काटा कुणी पाहिलाच नव्हता. डिझेल कमी दाखवलं असतं तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती, जास्त दाखवतंय म्हणून कोण तक्रार करतो?

गाडी कडेला घेतली. रेडिएटरचं झाकण कुणालाही हात लावू दिलं नाही. बाहेरूनच इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर सेन्सरजवळचा धातू 70 अंशांच्या आसपास. डॅशबोर्ड मात्र लाल पट्टा दाखवत होता. मी दिवे बंद करायला लावले. दोन्ही काटे जसे चढले तसेच सावकाश उतरले.

या जुन्या मीटरमध्ये काटा हलवायला आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून त्याची चाल संथ. करंट किती जायचा हे सेन्सर ठरवतो, पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो. पण गाडीतलं व्होल्टेज 12 ते 14 च्या मध्ये हलत राहतं, ते थेट दिलं तर काटे त्याच्याबरोबर नाचतील. म्हणून मागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो. ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत तो सरासरी 10 व्होल्ट देतो, अमेरिकन धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत 5. तात्यांच्या जीपमध्ये 10 वाला होता. आता कळीचा मुद्दा: हे 10 व्होल्ट तो स्वतःच्या अर्थिंगपासून धरतो. सेन्सरचं अर्थिंग इंजिनाला, डिझेल मोजणाऱ्या फ्लोटचं टाकीला आणि स्टॅबिलायझरचं मीटरच्या पत्र्याला. मीटरच्या अर्थिंगचं व्होल्टेजच शून्यावरून वर उचललं गेलं तर दोन्ही काटे एकदम जास्त दाखवणार.

रस्त्याच्या कडेलाच मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मीटरच्या पत्र्याला लावली. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं, 0.2 पर्यंत मी चालवून घेतो. दिवे बंद असताना तसंच आलं. दिवे लावले आणि आकडा अडीच व्होल्टवर गेला. मीटरमधल्या बल्बांचा करंट त्याच खराब अर्थिंगमधून परतायला धडपडत होता. स्टॅबिलायझर आपल्या परीनं 10 च देत होता, पण सेन्सरपर्यंत ते साडेबारा होऊन पोहोचत होते. हिरव्या दिव्याचंही कोडं सुटलं. सरळ वाट अडल्यावर थोडा करंट त्या दिव्यातून उलटा जाऊन बाहेरच्या इंडिकेटर बल्बमार्फत बॉडीला मिळत होता.

खात्रीसाठी बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक लांब तार आणून मीटरच्या पत्र्याला टेकवली. उजेड लख्ख झाला, हिरवा दिवा विझला, काटे खाली आले. तार काढली की पुन्हा तोच खेळ. मुलानं ती तार स्वतःच्या हातानं लावून-काढून पाहिली. त्याचा काट्यावरचा विश्वास परत यायचा तर ते त्यानं स्वतः करणं गरजेचं होतं.

सकाळी मीटर बाहेर काढलं. अर्थिंगचं थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) डॅशबोर्डच्या पत्र्याला एका स्क्रूनं आवळलेलं होतं आणि पेंटिंगच्या वेळी त्या जागेवर रंगाचा जाड थर बसला होता. स्क्रूचे दोन-चार आटेच काय ते पत्र्याला भिडत होते, तेही धक्क्यागणिक कमी-जास्त. पेंटरनं काम मन लावून केलं होतं, पत्र्याची एकही जागा उघडी सोडली नव्हती. पण ज्या जागेतून करंट परत जातो ती उघडीच ठेवावी लागते. रंगकाम झालेली जुनी गाडी दुकानात आली की मी आधी अर्थिंगच्या जागाच शोधतो.

पत्रा चमकेपर्यंत घासला, नवं थिंबल, खाली दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. शिवाय मीटरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी तार टाकली. इंजिन ते चॅसिसची पट्टीही रंगाखाली दबली होती, तीही साफ केली. ती सुटली असती तर सेल्फ मारताना सगळा करंट ॲक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. दिवे, वायपर, हॉर्न सगळं एकदम चालू करून पुन्हा मोजलं: 0.05 व्होल्ट.

शेजारच्या मेकॅनिककडून नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला. मग इंजिन तापू दिलं, थर्मामीटर 85 अंश दाखवत असताना काटा कुठे थांबतो ते मुलाला दाखवलं आणि म्हटलं, "हीच याची जागा. याच्या वर गेला तर गाडी थांबव, इंजिन बंद कर, आणि हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत झाकण उघडू नकोस." काट्याच्या त्या जागेसमोर काचेवर त्यानं मार्करनं बारीक खूण केली.

पुढच्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. गाडी रात्री पंढरपूरला जाऊन आली, काटा खुणेपाशीच. फक्त डिझेल जास्त पितेय असं वाटतंय, रात्री टाकी लवकर खाली येते. मी त्यांना सांगितलं, टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि परत भराल तेव्हा लिटर बघून हिशोब करा. त्यांनी तो केला. ॲव्हरेज आधीपेक्षा थोडं वाढलंच होतं.