तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टीममध्ये बायकाच का?

लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, आणि हल्ली तर नवीन आलेल्या मुलांकडून पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. 'मॅडम, तुमच्या टीममध्ये बायकाच जास्त कशा?' पुण्याजवळ हिंजवडीत, आयटी कंपनीत, माझी चौदा जणांची टीम आहे, त्यात नऊ बायका. हेच उलट असतं, तर कुणी डोकी मोजलीही नसती. आजवर 'चांगल्या मिळाल्या म्हणून' एवढं सांगून मी विषय संपवत आले. ते खरं आहे, पण पूर्ण नाही.

बाई आहे म्हणून मी कुणालाही घेत नाही. टेक्निकल राउंड सगळ्यांना सारखाच असतो आणि तो मी घेतही नाही. मी करते ते एवढंच की सीव्हीत दोन-तीन वर्षांचा खंड दिसला म्हणून ती बाजूला ठेवत नाही, बोलावते. असे खंड बहुतेक बायकांच्याच सीव्हीत असतात. पुढचं तुम्हाला दिसतंच आहे.

पण मी हे कधीपासून करायला लागले, ते कुणी विचारत नाही. ते सांगते.

मार्च २०१४. बँकेचं प्रोजेक्ट, अकरा जणांची टीम, बेल कर्व्ह सक्तीचा, म्हणजे वर्षाच्या कामाचं रेटिंग देताना काही जणांना वरचं आणि काहींना तळाचं द्यायलाच हवं. तळाच्या रेटिंगला एक नाव द्यावंच लागणार होतं. मी टीममधल्या एकीचं दिलं. ती सप्टेंबर ते डिसेंबर बाळंतपणाच्या रजेवर होती; बारा आठवडे कायद्याचे, उरलेले बिनपगारी. रेटिंग ठरवायच्या त्या खोलीत आम्ही सहा मॅनेजर होतो, बाई मी एकटी. मी म्हटलं, 'वर्षातला बराच काळ ती नव्हतीच.' एक जण म्हणाला, 'बरोबर आहे, तसंही तिचं लक्ष आता घरीच असणार.' मी मान हलवली. तिच्या नावावर दोन मिनिटंही गेली नसतील.

जे मी त्या खोलीत सांगितलं नाही ते हे: त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम, रात्रीच्या बॅच जॉब्सचं मायग्रेशन, म्हणजे बँकेची रात्री आपोआप चालणारी कामं नव्या सिस्टिमवर हलवणं, तिने केलं होतं. जुलैमध्ये, सातव्या महिन्यात, कटओव्हरच्या, म्हणजे जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायच्या रात्री ती पहाटे चारपर्यंत थांबली होती. मला हे माहीत होतं, कारण तिच्या शेजारच्या खुर्चीत मीच होते.

मग वन-ऑन-वन, रेटिंग सांगायला आम्ही दोघीच. 'व्हिजिबिलिटी', 'कन्सिस्टन्सी' असे तयार करून आणलेले शब्द मी वापरले. तिने मध्ये तोडलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, 'मॅडम, मी आठ महिने होते. त्या आठ महिन्यांत काय कमी पडलं ते सांगा, मी सुधारेन.' मी लॅपटॉप उघडला. काहीतरी शोधत असल्यासारखी स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी म्हटलं, 'पुढच्या वर्षी बघू.' तिने घड्याळ पाहिलं, टेबलावरची छोटी निळी पिशवी उचलली आणि गेली. त्या मजल्यावर दूध काढायला जागा नव्हती. सिक्युरिटीकडून यूपीएस रूमची किल्ली घेऊन ती तिथे, मशीनच्या घरघरीत, उभ्याने दूध काढायची. हेही मला माहीत होतं. जूनमध्ये तिने राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'.

तेव्हाची मी आजच्या मला सहज उत्तर देऊ शकेल. ती म्हणेल, कुणाचं तरी नाव द्यायचंच होतं, दुसऱ्या कुणाचं दिलं असतं तर तो अन्याय नव्हता का? होता. ती म्हणेल, माझा मुलगा २००४ सालचा, मी बारा आठवडे संपल्यावर पंच्याऐंशीव्या दिवशी कामावर हजर होते, मग हिला काय अवघड होतं? या वाक्यावर मी कितीतरी वर्षं उभी होते. पण मी हजर राहू शकले, कारण सासूबाईंनी त्यांची बालवाडीतली नोकरी सोडली होती. माझ्या नोकरीसाठी एका बाईची नोकरी गेली, आणि त्याला मी माझी जिद्द म्हणत होते. सासूबाईंना मी हे कधीच बोलून दाखवलं नाही. आता त्या नाहीत.

आता कायदा बदललाय, असं लोक सांगतात. बदललाय. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. पण आमच्यासारख्या ठिकाणी त्या सव्वीस आठवड्यांचा पगार कंपनीच देते, आणि खाजगी नोकरीत बापाला रजा देण्याची सक्ती कोणत्याच कायद्यात नाही. म्हणजे खर्च दिसतो तो बाईच्याच नावावर. १९७४ साली टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, त्यावर सुधा मूर्तींनी जेआरडी टाटांना लिहिलेलं पोस्टकार्ड सगळ्यांना पाठ आहे. आता तसं कुणी छापत नाही. 'लग्नाचं काय ठरलंय?' असं इंटरव्ह्यू संपता संपता विचारतात. मीही विचारलंय, २०१४ च्या आधी.

आता रेटिंग देताना मी हजर असलेल्या महिन्यांचंच काम बघते. रात्री साडेआठचा कॉल पाळीपाळीने सगळे घेतात, त्यात पुरुषही आले. यात मी चुकत नाही असं नाही. गेल्या वर्षी टीममधल्या एका मुलाने वडिलांच्या डायलिसिससाठी वेळा बदलून मागितल्या. मी दिल्या, पण आठवडाभर टाळून. त्याने मला विचारलं, 'मॅडम, मूल असतं तर लगेच दिल्या असत्या ना?' मी नाही म्हटलं. घरी येताना वाकडच्या पुलाखाली अडकलेली असताना वाटलं, हो, दिल्या असत्या.

राजीनामा देऊन गेलेल्या तिला मी २०१९ मध्ये फोन केला होता. जागा होती, तिच्याच कामाची. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'नको मॅडम, पण आठवण ठेवलीत.' ती कशाची आठवण म्हणत होती, ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात टीममधली एक जण केबिनमध्ये आली. आधी दार लावलं, मग म्हणाली, 'सॉरी मॅडम, मला तिसरा महिना आहे.' मी कॅलेंडर उघडून रजेच्या तारखा विचारल्या. ती बाहेर गेल्यावर लक्षात आलं, अभिनंदन म्हणायचं राहिलंच.