किंग्जकडे नावं झाली, टीम कुठाय?

ऑक्टोबर २०२५ ला रसेल वेस्टब्रूक हा जुना गार्ड सॅक्रामेंटो किंग्जकडे (एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधली टीम) आला आणि आमच्या ग्रुपवर नुसता दंगा सुरू झाला. दादरचा एक मित्र आहे, त्याचं म्हणणं किंग्जकडे लाव्हीन, डीरोझन, साबोनिस, श्रोडर आणि वर वेस्टब्रूक, म्हणजे प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) फिक्स. म्हटलं बाबा रे, हीच लिस्ट २०१८ ला, हे सगळे तरुण असताना टाकली असतीस तर पार्टी दिली असती.

मुंबईत किंग्जचे फॅन कुठून आले असं विचारणाऱ्यांसाठी: मालक विवेक रणदिवे मूळचे आपल्या मुंबईचे, आणि ऑक्टोबर २०१९ ला टीम वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सबरोबर दोन मॅच खेळून गेली. पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी हरली, दुसरी सरळसरळ हरली. तेव्हापासून जीव अडकलाय. घरच्या मॅच आपल्याकडे सकाळी साडेसात-साडेआठला लागतात, म्हणजे ट्रेनमध्ये एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

मुद्दा फिटचा आहे, म्हणजे कोणाचा खेळ कोणाबरोबर जमतो त्याचा. २०२२-२३ ला ४८ मॅच जिंकलो, १६ सीझन कोरडे गेल्यावर प्लेऑफ बघितलं, ऑफेन्स लीगमध्ये एक नंबर. तेव्हा सगळं साबोनिसच्या, म्हणजे आमच्या सेंटरच्या (टीमचा मोठा गडी) हातातून चालायचं. तो थ्री पॉइंट लाइनच्या आतबाहेर बॉल धरून उभा, शूटर हर्टर त्याला घासून पळत यायचा, हातातला बॉल घ्यायचा आणि त्याचा डिफेंडर साबोनिसच्या अंगावर आपटून मागे पडेपर्यंत शॉट सुटलेला असायचा. दुसऱ्या बाजूला गार्ड फॉक्सचा स्पीड. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स स्पर्सला, त्याच ट्रेडमध्ये हर्टर शिकागोला, आणि किंग्जकडे लाव्हीन. म्हणजे साबोनिसला ज्यांच्याबरोबर खेळायचं ते दोघंही एकाच दिवशी गेले.

लाव्हीन वाईट नाही हां, शूटर म्हणून झकासच आहे. पण त्याच्या बाजूला डीरोझन, ज्याला बॉल हातात घेऊन चार ड्रिबल मारून मिडरेंजवर (रिंग आणि थ्री लाइनच्या मधून शॉट) जायचंय, तेवढा वेळ साबोनिस नुसता बघत उभा. आणि ही जोडी काय नवीन नाहीये, शिकागोत २०२१ ते २०२४ तीन सीझन एकत्र खेळले, प्लेऑफ एकदाच, तेही पहिल्याच राउंडला बक्सकडून बाहेर. तिकडे जमलं नाही ते सॅक्रामेंटोत का जमेल, पाणी बदललं म्हणून?

डिफेन्सबद्दल बोलूच नये. साबोनिस २०२२-२३ पासून सलग तीन सीझन रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्यात) लीगमध्ये पहिला, पण रिंगजवळ ब्लॉक करून घाबरवणारा माणूस तो नव्हे. कीगन मरे जरा उंच आणि बरा डिफेंडर, तर त्याच्या अंगठ्याची सर्जरी झाली. उरला कीऑन एलिस, समोरच्या गार्डला चिकटून राहणारा एकटाच, आणि त्यालाच तेव्हा बेंचवरून आणायचे! श्रोडरला घेतलं ते मात्र मला पटलं, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा, पाहिजेच होता. पण पैसे मोकळे करायला बॅकअप सेंटर व्हॅलेनच्युनसला डेन्व्हरला पाठवून शारिच घेतला, त्यामुळे साबोनिस दमला की मागे युबँक्स आणि रेनो नावाचा रूकी (पहिल्याच वर्षाचा खेळाडू) एवढेच होते.

आणि त्यात वेस्टब्रूक. तीन जण बसलेल्या सीटवर चौथा येऊन 'जरा सरका' म्हणतो तसं झालंय, तीही विरारच्या गाडीत. मित्र म्हणतो लीगच्या मिनिमम पगारात आलाय, फुकटातला माल आहे, एनर्जी देईल. हे मान्य, मरे नव्हता तर धावायला कोणीतरी हवंच होतं. पण वेस्टब्रूकला थ्री पॉइंट शॉटसाठी कोणी गार्ड करत नाही, त्याचा माणूस सरळ आत जाऊन साबोनिसच्या वाटेत उभा राहणार, मग आधीच गर्दी आणि त्यात आणखी एक.

माझ्या हातात असतं तर एलिसला स्टार्ट केलं असतं आणि फेब्रुवारी २०२६ च्या ट्रेड डेडलाइनआधी डीरोझनला विकून एखादा तरुण विंग (कडेने खेळणारा उंच खेळाडू) आणला असता, मोबदला कमी मिळाला तरी चालेल. लाव्हीनचा २०२५-२६ चा ४७ मिलियन डॉलरच्या आसपासचा पगार बघून त्याला कोण घेणार, असं वाटत होतं. मित्राचा प्रश्न, डीरोझन नसेल तर शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कोणाला? प्रश्न बरोबर आहे यार. लाव्हीनला द्या नाहीतर गार्ड मंकला, आणि हरलो तर हरलो, ड्राफ्टमध्ये वरचा पिक (नवे खेळाडू आधी निवडायचा चान्स) तरी येईल. २०२४-२५ ला चाळीस मॅच जिंकून प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीची मॅच) डॅलसकडून मार खाण्यात काय मजा होती सांगा.