आईचा दाखला आणि मंगळवारचा फोन

आई आमच्या लंडनजवळच्या घरीच गेली, शुक्रवारी पहाटे. वय ८१, हृदय बरीच वर्षं थकलेलं, छातीत पेसमेकर. जीपी, म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर, मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट देतील आणि दोन-तीन दिवसांत सगळं उरकेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवरही सांगितलं, "सोमवारी घेऊन जा." सोमवारी गेले तेव्हा कळलं, ते आता घरच्यांच्या हातात देतच नाहीत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ९ सप्टेंबर २०२४ पासून नियम बदललाय. मृत्यू घरी होवो की हॉस्पिटलात, कोरोनर (संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) तपास करणार नसतील, तर जीपींनी लिहिलेलं कारण मेडिकल एक्झामिनर तपासतात. म्हणजे उपचारांशी संबंध नसलेले दुसरे अनुभवी डॉक्टर. शिपमन नावाच्या जीपीने आपल्याच पेशंटना मारून सर्टिफिकेटंही स्वतःच लिहिली होती. या व्यवस्थेची मागणी त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे आली.

मंगळवारी मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसातून फोन आला. त्या बाईंनी आधी आईच्या नावाचा उच्चार विचारून घेतला, दोनदा म्हणून पाहिला. मग जीपींनी लिहिलेलं कारण साध्या शब्दांत समजावलं आणि विचारलं, "तुमच्या मनात काही राहिलंय का?"

राहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली होती, डोक्याला टेंगूळ आलं होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. मी त्या वेळी कामावर होते. सगळं सांगून टाकलं.

"हे कोरोनरच्या कानावर घालावं लागेल," त्या म्हणाल्या. पडण्याचा मृत्यूला हातभार लागला असेल, तर तो नैसर्गिक धरत नाहीत.

गिरगावच्या मामांना कळवलं तर ते हादरलेच. मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनर होते, त्यामुळे त्यांच्या डोक्यात कोरोनर म्हणजे पोलीस आणि पोस्टमॉर्टेम. "कशाला बोललीस गं?" म्हणाले. रात्रभर मलाही झोप नाही.

पण मला कुठेही खेटे घालावे लागले नाहीत, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. पडल्या दिवशीच्या स्कॅनचा रिपोर्ट मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसनेच हॉस्पिटलकडून मिळवला, जीपींशी बोलून सगळे कागद कोरोनरकडे पाठवले. डोक्यात रक्तस्राव नव्हता. बुधवारी दुपारी कोरोनरच्या ऑफिसातून फोन आला: तपासाची गरज नाही, पोस्टमॉर्टेम नाही. प्रकरण परत मेडिकल एक्झामिनरकडे गेलं, त्यांनी सही केली आणि सर्टिफिकेट थेट मृत्यूची नोंद करणाऱ्या रजिस्ट्रारकडे पोचलं. पेसमेकरची नोंदही त्यातच होती, कारण दहनाआधी तो काढावा लागतो.

गुरुवारी रजिस्ट्रारसमोर बसून तासगावचं स्पेलिंग सांगितलं. व्यवसाय, निवृत्त शिक्षिका. दहनासाठीचा हिरवा फॉर्म घेऊन अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या अंडरटेकरकडे निघाले आणि वाटेतच मामांना कारण वाचून दाखवलं.

"आणि पडली होती, त्याचं काय?"

"त्याचा संबंध नाही, मामा. त्यांनी नीट बघितलं."